सेंट लॉरेन्सवरच्या तीन फेऱ्या, सहा महिने वापरलेला फिश फाइंडर आणि त्याचा सक्शन कप

ऑगस्टमध्ये कॅनडातल्या गॅनानॉक्वेजवळ सेंट लॉरेन्स नदीत आम्ही एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे निघालो होतो, तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आकडा गेला." फिश फाइंडरच्या, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याची खोली, तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर खोलीच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या होत्या. मागे वळून पाहिले, तर ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग) बोटीवरून सुटून नुसत्या वायरच्या आधाराने पाण्यात फरफटत येत होता. इंजिन बंद करेपर्यंत पंख्याने वायरचे काळे आवरण सोलून आतले तांबे उघडे पाडले होते. एप्रिलमध्ये २२९ डॉलर मोजून घेतलेल्या या यंत्राविषयी सविस्तर लिहायचे मी त्याच दिवशी ठरवले. मात्र त्या दिवशी जे लिहिले असते, त्यातले निम्मे आज मलाच मान्य नाही.

आमच्याकडे स्वतःची बोट नाही. मिसिसॉगाहून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी चालवून जायचे आणि तिथे चौदा फुटी अॅल्युमिनियमची बोट दिवसाच्या भाड्याने घ्यायची, असा आमचा बेत असतो. भाड्याच्या बोटीला भोके पाडता येत नाहीत, त्यामुळे ट्रान्सड्यूसर सक्शन कपने चिकटवायचा आणि यंत्र व बॅटरी एका पिशवीत घालून न्यायची, हाच पर्याय उरतो. या रचनेत सगळा भार त्या चार बोटे रुंदीच्या रबरी वाटीवर असतो, हे विकत घेताना माझ्या ध्यानात आले नाही.

नदीची निवड आम्ही विचारपूर्वक केली होती. २०२२ च्या जुलैमध्ये पलीकडच्या अमेरिकी काठावर, क्लेटन येथे झालेल्या बासमास्टर एलिट या व्यावसायिक मासेमारी स्पर्धेत विजेत्याने चार दिवसांत स्मॉलमाउथ बास जातीचे वीस मासे मिळून १०२ पौंड ९ औंस वजन नोंदवले, म्हणजे एका माशाला सरासरी पाच पौंडांहून अधिक. असे पाणी घरापासून एका दिवसाच्या टप्प्यात असताना दुसरीकडे जाण्याचे कारण नव्हते. हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो. मी कॉन्झर्व्हेशन लायसन्स (कमी मासे ठेवू देणारा परवाना) घेतो, कारण त्यावर दिवसाला दोन बास ठेवता येतात आणि आम्हाला तेवढे पुरतात. आंतरराष्ट्रीय सीमा बेटांमधून वळणे घेत जाते आणि पाण्यावर तिची कोणतीही खूण दिसत नाही. पलीकडे मासेमारी करायची तर न्यूयॉर्क राज्याचे लायसन्स लागते, म्हणून मी नकाशावरून सीमेलगतचे चौदा बिंदू घरीच यंत्रात भरून ठेवले. ते तिन्ही फेऱ्यांत अचूक उपयोगी पडले, आणि केवळ या एका कामासाठीही जीपीएस असलेले यंत्र घ्यावे असे माझे मत आहे.

जूनच्या फेरीत मात्र माझी पूर्ण निराशा झाली. मासा स्क्रीनवर कमानीसारखा दिसतो, पण दिवसभरात माशाची म्हणावी अशी एकही कमान उमटली नाही आणि आम्हाला दोनच लहान बास मिळाले. यंत्र सदोष आहे, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला. तो चुकीचा होता.

इथला स्मॉलमाउथ आता मुख्यतः राउंड गोबीवर पोसला जातो. काळ्या व कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला हा बोटभर मासा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून) आला आणि उत्तर अमेरिकेत १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत प्रथम आढळला. गोबीला हवेची पिशवी नसते, आणि सोनारचा, म्हणजे यंत्राने सोडलेल्या ध्वनीचा, प्रतिध्वनी प्रामुख्याने त्या पिशवीतल्या हवेवरूनच परततो. शिवाय गोबी खडकाला चिकटून राहतो आणि त्याच्यामागे आलेला बासही तळालगतच असतो, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी तळाच्या रेघेत मिसळून जातो. माझ्या यंत्राची ध्वनीची अरुंद शलाका (झोत) सुमारे पंधरा अंशांची आहे, म्हणजे तीस फूट खोलीवर तिला जेमतेम आठ फूट रुंदीचे वर्तुळ दिसते. एवढ्याशा खिडकीतून मासे शोधणे हीच माझी चूक होती. तिच्यातून तळ वाचायचा असतो.

लहानपणी रत्नागिरीला काका गळाचे शिसे तळाला टेकवून दोरीवर बोट ठेवायचे आणि खाली खडक आहे की चिखल ते सांगायचे. खोली ते वावांत मोजत. ऑगस्टमध्ये वाटी सुटण्याआधीच्या दोन तासांत मी स्क्रीनकडे त्या दृष्टीने पाहिले. चिखलावर तळाची रेघ बारीक आणि फिकी दिसते. खडक आला की ती जाड व पिवळीजर्द होते आणि दुप्पट खोलीवर तिची दुसरी छाया उमटते. अठ्ठावीस फुटांवर चिखल संपून खडक सुरू होतो ती कड सापडताच आम्ही तिथे ड्रॉप शॉट (खाली शिसे आणि त्याच्या वर गळ अशी दोरी) सोडला आणि पाऊण तासात पाच बास मिळाले. त्यातला मोठा साडेचार पौंडांचा होता. तीस फुटांहून खोलवरचा बास वर ओढला की त्याची हवेची पिशवी फुगते आणि पाण्यात परत सोडलेला मासा जगेलच असे नसते, म्हणून आम्ही त्याहून खोल जात नाही. ही मर्यादा पाळणेही खोलीच्या आकड्यामुळेच शक्य झाले.

आता सक्शन कपविषयी. ऑन्टारियोतल्या कॉर्नवॉलपाशी या नदीतून सेकंदाला सरासरी सात हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाहते, आणि बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांत तो ओढ हाताला जाणवतो. पुस्तिकेत ताशी आठ किलोमीटरची मर्यादा दिली आहे. प्रवाहाच्या विरुद्ध जाताना बोट काठाच्या हिशेबाने त्याहून हळू चालत असली, तरी वाटीला लागणारे पाणी त्याहून वेगवान असते, हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. कंपनीशी चार ईमेल झाले. पहिल्या उत्तरात पृष्ठभाग स्वच्छ नसावा असे कळवले, दुसऱ्यात व्हिडिओ मागितला, तिसऱ्यात रबरी वाटी ही झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत बसत नाही असे सांगितले आणि चौथ्यात नव्या भागांचे दर पाठवले: वाटी २४ डॉलर, ट्रान्सड्यूसर ८९ डॉलर. म्हणजे एका वाटीपायी यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च. हे मला आजही पटलेले नाही. यंत्राला पाचपैकी चार तारे देण्याची इच्छा असूनही मी तीनच देत आहे, ते याच कारणासाठी.

ट्रान्सड्यूसर नाइलाजाने विकत घेतला, वाटी घेतली नाही. हार्डवेअरच्या दुकानातून अकरा डॉलरचा सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा सी आकाराचा चिमटा) आणला, घरातली दोन फुटी लाकडी पट्टी घेतली, तिच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर स्क्रूने बसवला आणि वायर दर चार बोटांवर पट्टीला बांधली. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला, म्हणजे बोटीला ओरखडा येत नाही. सप्टेंबरअखेरच्या दोन दिवसांत आकडा एकदाही गेला नाही. मोठ्या मालवाहू जहाजाच्या लाटांनी बोट चांगलीच हलली, तेव्हाही पट्टी जागची ढळली नाही.

बॅटरी पूर्ण दिवस पुरते, पण दुसऱ्या दिवसासाठी रात्री चार्ज करावीच लागते. दुपारच्या उन्हात स्क्रीन अंधूक वाटते. पुढच्या जूनसाठी ऑगस्टमधल्या त्या कडेचा बिंदू मी यंत्रात जपून ठेवला आहे, आणि कंपनीला पाचवा ईमेल काल पाठवला आहे.