दुर्गम पाड्यावर ‘सह्याद्री’ बघायची तर: फ्री डिश, सशुल्क डीटीएच की मोबाइल?

धडगाव, मेळघाट, भामरागड किंवा घाटाखालच्या वाड्यांमध्ये पूर्वी बांबूला अँटेना बांधली की दूरदर्शन दिसायचं, अर्थात लघुशक्ती प्रक्षेपण केंद्राच्या टप्प्यात घर असेल तर. मोक्याची काही ठिकाणं वगळता ही ॲनालॉग केंद्रं २०२२पर्यंत बंद झाली. त्यामुळे जुन्या अँटेनावर आता एक रुपयाही घालू नका. केबल बाजाराच्या गावापर्यंत येते, पाड्यावर येत नाही. उरतात तीन वाटा: दूरदर्शनची मोफत ‘फ्री डिश’, महिन्याचे पैसे घेणारी डीटीएच (उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारी सेवा) आणि मोबाइल.

बहुतेक जण आधी महिन्याचा खर्च विचारतात. डोंगराळ भागात आधी बघायचा तो आग्नेयेचा डोंगर. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अक्कलकुवा-धडगाव भागातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३७ अंशांवर आणि क्षितिजापासून ५६ अंश उंच येतो. धारणीहून १४१ आणि ५८, गडचिरोलीहून १४५ आणि ६२. सशुल्क सेवांपैकी टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश रेखांशावर, म्हणजे अक्कलकुव्याहून बराच दक्षिणेकडे आणि ६२-६३ अंश उंच. एअरटेलचा १०८.२ अंश रेखांशावर, तिथून जेमतेम ४४ अंश उंच. घराच्या पूर्वेला कडा किंवा सागाची उंच रांग असेल तर एअरटेलचा सिग्नल आधी अडतो, फ्री डिशचा त्यानंतर, टाटा प्लेचा सगळ्यात शेवटी. छत्री विकत घेण्याआधी होकायंत्र आणि मोबाइलमधला कोन मोजणारा ॲप घेऊन अंगणात उभे राहा. पत्र्याच्या छपराजवळ होकायंत्र चुकतं, म्हणून चार पावलं लांब जा.

इथे एक चूक नेहमी होते. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे त्या बघतात त्याहून बऱ्याच कमी कलंडलेल्या दिसतात. ५६ अंशांवर लावलेली छत्री नजरेला तीस-बत्तीस अंशच वर बघतेय असं वाटतं. समोरचं झाड आड येतंय की नाही, हे छत्रीच्या तोंडावरून ठरवू नका, मोजलेल्या कोनावरूनच ठरवा.

फ्री डिशचा एकदाच येणारा खर्च साधारण दोन हजार रुपये. पुढे रिचार्ज नाही, आणि ‘सह्याद्री’ मिळते. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. म्हणून काही मराठी वाहिन्या येतात आणि पुढच्या वर्षी जातात; तेव्हा सेट-टॉप बॉक्स पुन्हा स्कॅन करायचा, मेकॅनिकला पैसे द्यायचे नाहीत. बॉक्स एमपेग-४चाच (चित्र साठवण्या-पाठवण्याची नवी पद्धत) घ्या. स्वस्तातला जुना एमपेग-२ बॉक्स बऱ्याच वाहिन्या दाखवतच नाही, आणि लोक उगाच छत्री हलवत बसतात.

स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. घरात रोजच्या मालिका हव्याच असतील तर सशुल्क डीटीएचला पर्याय नाही. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं त्यांनाही बंधनकारक आहे. पण रिचार्ज संपतो तो नेमका नेटवर्क नसलेल्या आठवड्यात, आणि भरायला तालुक्याला जावं लागतं. बिघाड झाला तर कंपनीचा माणूस पाड्यापर्यंत किती दिवसांत येतो, हे कनेक्शन घेण्याआधी शेजारच्या गावात विचारून घ्या.

पावसाचा त्रास दोन्हींना सारखाच. डीटीएचचे केयू बँडचे (उच्च वारंवारतेचे) तरंग मुसळधार पावसात क्षीण होतात. सोबत येणारी ६० सेंटिमीटरची छत्री विदर्भात चालून जाते. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र ९० सेंटिमीटरची लावा: तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल. मोठ्या सरीत चित्र तरीही जाईल, पण दहा मिनिटांत परतेल. पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र नसेल तर दोष ढगांचा नाही; बहुधा एलएनबीच्या (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. जोडावर रबरी टोपी घाला आणि त्याखाली केबलला एक वेढा सोडा, म्हणजे पाणी वेढ्यावरून खाली ठिबकेल. केबल आरजी-६ प्रकारची घ्या, शक्यतो ३० मीटरच्या आत.

बॉक्सच्या सिग्नल पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर आणि ‘क्वालिटी’ शून्य असेल तर छत्री दुसऱ्याच उपग्रहावर बसली आहे किंवा एलएनबी सरळ राहिला आहे. छत्रीच्या मागे उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा आणि फ्री डिशसाठी एलएनबी घड्याळाच्या उलट पस्तीसेक अंश फिरवा. मग क्वालिटीचा आकडा बघत थोडा इकडे-तिकडे करा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी वारंवारता ९७५०/१०६०० ठेवा.

विजेचा प्रश्न असेल तिथे फ्री डिश सरळ पुढे जाते. तिचे बरेच बॉक्स १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे इन्व्हर्टर मधे लागत नाही. बॉक्स आणि १२ व्होल्टचा लहान एलईडी टीव्ही मिळून ४० वॉट धरा. रोज तीन तास म्हणजे १२० वॉट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणून २० अँपिअर-तास किमान. आषाढातल्या सलग ढगाळ दिवसांसाठी ४०ची घ्या आणि सौर पॅनेल ७५ वॉटच्या खाली नको.

मोबाइलचं थोडक्यात. प्रसार भारतीचा ‘वेव्ह्ज’ ॲप नोव्हेंबर २०२४मध्ये आला, यूट्यूबवरही ‘सह्याद्री’ आहे. टेकडीवर चढून फोरजी मिळत असेल तर बातम्यांपुरतं ठीक. पण साध्या दर्जाचं चित्रही तासाला पाऊण जीबीच्या आसपास खातं, आणि सहा माणसांच्या घरात एका पडद्यावर सगळे कसे बसणार?

पाड्यावर फक्त ‘सह्याद्री’, बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम हवे असतील तर फ्री डिश घ्या, कोकणात आणि घाटमाथ्यावर ९० सेंटिमीटरच्या छत्रीसह. मालिका हव्या असतील आणि आग्नेयेला कडा असेल तर दक्षिणेकडच्या उपग्रहाची सशुल्क सेवा. आणि आग्नेयेला आकाशच मोकळं नसेल, तर छत्री घराला चिकटवायचा हट्ट सोडा. वरच्या बांधावर लोखंडी पाइप सिमेंटमध्ये दोन फूट गाडून तिथे लावा आणि केबल जमिनीखालून नळीतून आणा.