नावडतं कापड : नाइन पॅच की लॉग केबिन?

क्विल्टसाठी (तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी) मोठ्या फुलांचं कापड घरी आणल्यावर भडक वाटू लागलं, तर ते बारीक कापणं हाच उत्तम उपाय. नाइन पॅच, म्हणजे तीन-तीनच्या तीन ओळींचा नमुना, याला अडीच इंची नऊ चौकोन लागतात. प्रत्येक कडेला पाव इंच शिलाई धरून सहा इंचांचा ब्लॉक (क्विल्टचा एक चौकोनी भाग) होतो. जोडायला सोपा, पण चौकोनातून अर्धं फूल डोकावतंच. लॉग केबिनमध्ये मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जातात; त्यासाठी त्याच कापडाच्या दीड इंची पट्ट्या कापा. शिवल्यावर एकच इंच दिसतो, फुलाचा आकार हरवतो आणि नुसता रंग उरतो. एका अंगाला फिक्या, दुसऱ्या अंगाला गडद पट्ट्या लावल्या की तोच भडकपणा किती खुलतो! माझी पसंती यालाच. कापड सैल विणीचं असेल तर मात्र पट्ट्या ताणल्या जातात. त्या उभ्या धाग्यात (कापडाच्या लांबीच्या दिशेने) कापाव्यात, नाहीतर नाइन पॅचच बरा.