नव्या पेशींचं पॅकेज: राजापूर तालुक्यातल्या एका घरात उरलेले पाच कागद

‘प्रौढ माणसाच्या मेंदूतही स्टेम सेल असतात, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे.’ तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात भरलेल्या ‘मोफत मेंदूविकार तपासणी शिबिरा’त वाटलेल्या पत्रकाची ही पहिली ओळ. स्टेम सेल म्हणजे विभागून इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणारी मूळ पेशी. ओळ बऱ्याच अंशी खरी आहे, म्हणूनच तिच्यामागून आलेलं खोटं खपून गेलं. शिबिराची वेळही हिशेबाची होती: मे अखेर, आंब्याचा पैसा हातात येतो तेव्हा. राजापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाने वडिलांच्या पार्किन्सनसाठी (हात थरथरण्याचा मेंदूविकार) साडेचार लाख रुपये मोजले. बाग दोन हंगामांसाठी कराराने दिली आणि उचल घेतली. आता घरात पाच कागद आहेत: पत्रक, संमतीपत्र, पेशींचा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि पावती. ते एकेक करून वाचले की फसवणूक कशी रचली होती ते दिसतं.

आधी पत्रक. 1965 साली जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांच्या मेंदूत जन्मानंतरही नवे न्यूरॉन (चेतापेशी) तयार होतात हे दाखवलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. 1992 मध्ये रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून काढलेल्या पेशी ईजीएफ हे वाढीचं रसायन घालून बशीत वाढवल्या. 1998 मध्ये एरिक्सन आणि गेज यांच्या गटाला माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग) नव्या न्यूरॉनची खूण सापडली. 2013 मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-14 वरून पेशींचं वय मोजलं गेलं आणि प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे 700 नवे न्यूरॉन असा अंदाज निघाला. 2018 मध्ये एका गटाने प्रौढ माणसात असे न्यूरॉन दिसतच नाहीत म्हटलं, दुसऱ्याने दिसतात म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. पत्रकात यातलं फक्त ‘सिद्ध’ तेवढं आलं.

पत्रकाने जागाही सांगितली नाही. प्राण्यांमध्ये नव्या न्यूरॉनचे हे कारखाने मुख्यतः दोनच ठिकाणी आहेत: हिप्पोकॅम्पसची एक पट्टी आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची भिंत. पार्किन्सनमध्ये मरतात त्या डोपामाईन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या. विहीर आहे वरच्या वाडीत आणि पाणी विकलं जातंय खालच्या वाडीच्या नावाने, असा हा प्रकार.

विहीर जवळ असती तरी भागलं नसतं, कारण स्टेम सेल स्वतःहून काही ठरवत नाही. आजूबाजूच्या पेशी, रक्तवाहिन्या आणि न्यूरॉन तिला रसायनांच्या भाषेत सांगत असतात. नॉच हा संकेत तिला झोपवून ठेवतो. विन्ट तिला न्यूरॉनच्या वाटेने ढकलतो. बीएमपी ग्लिया म्हणजे आधारपेशींकडे वळवतो, तर नॉगिन हे प्रथिन बीएमपीला अडवतं. प्रौढ मेंदूत आवर घालणारा गाबा हा रासायनिक संकेत नवजात न्यूरॉनला मात्र उत्तेजित करतो आणि त्याची वाढ घडवतो. 2000 साली उंदराच्या मज्जारज्जूतून काढलेल्या स्टेम सेल हिप्पोकॅम्पसमध्ये ठेवल्या तेव्हा त्यातून न्यूरॉन झाले. परत मज्जारज्जूत ठेवल्या तर नुसती ग्लिया. पेशी त्याच होत्या, आजूबाजूचे संकेत वेगळे. ‘सोडल्या की त्या आपोआप खराब जागा शोधून दुरुस्त करतात’ हे पत्रकातलं दुसरं वाक्य इथे कोसळतं.

संमतीपत्र चार पानी आणि सगळं इंग्रजीत. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की उपचार प्रायोगिक आहे आणि हमी नाही. सही घेताना तोंडी सांगितलं ते ‘सत्तर टक्के फरक’. प्रायोगिक उपचार असेल तर ती क्लिनिकल ट्रायल असायला हवी, म्हणजे माहितीपत्रक रुग्णाला कळणाऱ्या भाषेत, आचार समितीची मंजुरी, औषध महानियंत्रकांची परवानगी आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक. हा क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष येतं. संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट शोधता येतो. एक खाच लक्षात ठेवा: नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. त्याच पानावर महानियंत्रकांच्या परवानगीचा रकाना, रुग्णालयांची यादी आणि खर्च कोण करतो ते पाहावं लागतं. भारतातल्या नियमांचं सूत्र असं आहे की स्टेम सेलच्या ट्रायलमध्ये रुग्णाकडून प्रयोगाचे पैसे घेता येत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या उपचारात मान्यता आहे ती रक्ताच्या आणि तत्सम विकारांसाठी रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलच्या प्रत्यारोपणाला. पार्किन्सन, अर्धांग, ऑटिझम यांसाठी ट्रायलबाहेर पैसे घेऊन स्टेम सेल टोचणं त्यात बसत नाही.

या संमतीपत्रावर क्रमांकाची जागा कोरी आहे.

पेशींचा दाखला मात्र सोनेरी किनारीचा. ‘न्यूरल स्टेम सेल, 10 कोटी’, खाली गोल शिक्का. डिस्चार्ज कार्डावरच्या वेळा त्याच्याशेजारी ठेवा: सकाळी 9 वाजता कमरेच्या हाडातून मगज काढला, दुपारी 1 वाजता पेशी सोडल्या. चार तासांत प्रयोगशाळेत एवढंच होतं: मगज फायकोल या दाट द्रावावर ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, मधला पांढुरका थर उचलायचा, धुवायचा. त्या थरात असतात लिम्फोसाइट, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आणि थोड्या रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल. ज्यांचं नाव घेऊन हा धंदा चालतो त्या मेसेन्कायमल पेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या स्टेम सेल) तिथे 10 हजार ते 1 लाखात एक. म्हणजे 10 कोटींत जेमतेम हजार ते दहा हजार. त्या कोटींत न्यायच्या तर बशीत काही आठवडे वाढवाव्या लागतात. आणि न्यूरल तर त्यात कुठल्याच नाहीत. हाडाच्या मगजापासून न्यूरॉन बनवल्याचे दावे 2000 च्या सुमारास झाले होते खरे, पण 2004 मध्ये दिसलं की त्या रसायनांनी पेशी आकसतात आणि म्हणून न्यूरॉनसारख्या काटकुळ्या दिसतात.

खऱ्या दाखल्यावर बॅच क्रमांक असतो, ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने मोजलेलं जिवंत पेशींचं प्रमाण असतं (70 टक्क्यांच्या खाली गेलं तर माल सहसा नाकारतात), जंतू आणि एन्डोटॉक्सिनची (जंतूंचं विष) तपासणी असते, पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणा असतात. मेसेन्कायमल पेशींवर सीडी73, सीडी90, सीडी105 हव्यात आणि सीडी34, सीडी45 नकोत. न्यूरल स्टेम सेलसाठी नेस्टिन आणि सॉक्स2 तपासतात. सोनेरी किनारीच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही.

डिस्चार्ज कार्ड सगळ्यात बोलकं. निम्म्या पेशी सलाईनमधून शिरेत, निम्म्या कमरेतून मणक्याच्या पाण्यात. शिरेतून गेलेलं सगळं आधी फुप्फुसांत पोचतं. तिथल्या केशवाहिन्या 5 ते 10 मायक्रॉनच्या आणि वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी 15 ते 30 च्या. त्यातल्या बहुतेक तिथेच अडकतात. ज्या लहान पेशी पुढे जातात त्यांच्यापुढे रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ते ठरवणारा मेंदूचा रक्तअडसर उभा. मेंदू आणि मणक्यातलं मिळून हे पाणी सुमारे 150 मिलिलिटर आणि दिवसाला 500 च्या आसपास नवं तयार होतं, म्हणजे ते सतत वाहून बदलत असतं. तिथे सोडलेल्या पेशी मध्यमेंदूत खोल जाऊन रुजल्या असं म्हणायला काहीच आधार नाही.

तरी तिसऱ्या दिवशी फरक दिसला. गावात बातमी पोचली, ‘आता हात थरथरणा नाय!’ आणि शेजारच्या वाडीतल्या दोघांनी आगाऊ रक्कम भरली. फरक खोटा नव्हता, त्याचं श्रेय खोटं होतं. कार्डावर डेक्सामेथासोनची तीन इंजेक्शनं आहेत. स्टेरॉइडने चार दिवस तरतरी येते. दिवसातून दोनदा व्यायाम करून घेतला. आणि लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी नर्सने घड्याळ लावून, जेवणाआधी अर्धा तास दिली. घरी ती भात आणि बांगड्याच्या तिखल्याबरोबर घेतली जायची. माशातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यात आणि मेंदूच्या अडसरावर एकाच दारातून जातात. ताटात मासळी भरपूर असली की गोळी मागे राहते. एवढी एक वेळ बदलून अनेकांना फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य. भरीला अपेक्षा. 2001 मध्ये पेट स्कॅनवर दिसलं की पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं खारं पाणी टोचलं तरी मेंदूत डोपामाईन सुटतं. बाग कराराने देऊन मिळवलेल्या उपचाराची अपेक्षा केवढी असेल!

महिन्याभरात सगळं ओसरलं. मधे चौथ्या दिवसापासून उठून बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. ही कमरेतल्या सुईच्या भोकातून पाणी झिरपल्याची खूण असते. फोनवर मात्र सांगितलं, ‘पेशी काम करतायत.’ याहून वाईट घडल्याच्या नोंदी आहेत. मॉस्कोत गर्भातल्या न्यूरल पेशी टोचलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत दात्याच्या पेशींपासून गाठी वाढल्या, ते 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. 2016 मध्ये परदेशांतल्या क्लिनिकांत अशा पेशी घेतलेल्या एका गृहस्थाच्या मणक्यात तशीच वाढ आढळली.

गणपतीत दुसरा फोन आला, ‘बूस्टर’चा. या वेळी दात्याच्या नाळेतल्या पेशी, मुंबईहून रेल्वेने थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणणार, दीड लाख. बर्फात सुरमई टिकते. गोठवलेल्या पेशी 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घालून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात, आणि 37 अंशांवर वितळवल्या की घड्याळ सुरू होतं. तासागणिक त्या मरतात. सोबत ‘बीडीएनएफ पावडर’ची बाटली फुकट. बीडीएनएफ हे प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचतं.

पावतीवर स्टेम सेल हा शब्दच नाही. ‘पुनर्वसन शुल्क’ लिहिलंय आणि पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने गेलेत. म्हणून पत्रक, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि यूपीआयची नोंद जपणं पावतीपेक्षा महत्त्वाचं. उपचाराची कागदपत्रं लेखी मागितली की डॉक्टरांनी 72 तासांत द्यायची असतात. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत, आणि 2019 च्या कायद्याने ती राहत्या जिल्ह्यातच करता येते. मुंबईच्या फेऱ्या नकोत. डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करावी. अर्धांगासारखे आजार बरे करण्याची जाहिरात हा 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे पत्रकाची मूळ प्रत फेकू नका.

पेशींचं खरं काम चालू आहे, पण त्याचं रूप वेगळं. 2025 मध्ये दोन ट्रायलचे निष्कर्ष आले, एकात 12 रुग्ण आणि क्योटोच्या ट्रायलमध्ये 7. डोपामाईन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज-पेशी प्रयोगशाळेत तयार करून, कवटीला छिद्र पाडून थेट मेंदूतल्या प्युटामेन या भागात ठेवल्या, शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून महिनोन्महिने औषधं दिली. हेतू मुख्यतः सुरक्षितता तपासण्याचा. सलाईन लावून दुपारी घरी, असं काही नव्हतं.

एक गोष्ट तातडीची. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी लिहिलंय: ‘जुन्या गोळ्या हळूहळू बंद कराव्या.’ कोणी गोळ्या अशा बंद करत असेल तर ते बंद करणं आजच थांबवा. लेव्होडोपा एकदम तुटली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढतो, शुद्ध हरपते; जीव जाऊ शकतो. डोस न्यूरॉलॉजिस्टला विचारून पूर्वीचा सुरू करायचा आणि त्यांना स्टेरॉइडच्या इंजेक्शनांसह ते कार्ड दाखवायचं. संकोच करून लपवायचं नाही.