येझ्दी रोडकिंग, दुसऱ्यांदा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कोल्हापुरात मी येझ्दी रोडकिंग ही मोटारसायकल वापरली, घरखर्च वाढल्यावर ती विकली, आणि पंचवीसएक वर्षांनी त्याच मॉडेलची दुसरी गाडी विकत घेतली. एके काळी आपल्याकडे असलेली गाडी पुन्हा घ्यावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. जुनी गाडी विकल्याची हळहळ कितीही खरी असली, तरी पैसे मोजायचे ते आजच्या गाडीसाठी, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने रोडकिंग 1978 मध्ये बाजारात आणली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत बनवली. त्यामुळे आज विकायला असलेली सर्वांत तरुण रोडकिंगसुद्धा तिशीच्या आसपासची आहे. जाहिरातीत 'एकदम ओरिजिनल' असे लिहिलेले असले, तरी व्यवहारात त्याचा अर्थ कोणीतरी, केव्हातरी, बरी किंवा वाईट दुरुस्त केलेली गाडी एवढाच असतो. जानेवारी 2022 मध्ये येझ्दी हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. त्यांतलीही एक मी चालवून पाहिली. 334 सीसीचे, पाण्याने थंड होणारे ते फोर-स्ट्रोक इंजिन जोरदार आहे. परंतु ज्याला जुनी रोडकिंग हवी आहे, त्याची तहान त्याने भागत नाही, म्हणून तिचा विषय येथेच सोडतो.

खरेदीच्या वेळी मी रंग आणि क्रोमकडे शेवटी पाहिले. आधी इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवले, कारण या गाड्यांची इंजिने सर्रास इकडची तिकडे बसवलेली असतात. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्या वेळी हरित करही भरावा लागतो. हे काम मूळ मालकाने केलेले नसेल, तर किंमत ठरवतानाच ते हिशेबात धरावे. गाडी दुसऱ्या आरटीओची असल्यास फॉर्म 28 ची एनओसी, आणि विक्रीचे फॉर्म 29 व 30, हे सगळे पैसे देण्यापूर्वी हातात घ्यावे. नवी उच्च सुरक्षा (एचएसआरपी) नंबरप्लेट बसवण्याची सक्ती जुन्या गाड्यांनाही आहे. कागद अर्धवट असलेली स्वस्त रोडकिंग घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

विकणारे गृहस्थ "एक रुपयाचे काम नाही" असे म्हणाले होते. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी इंजिन उघडले, तेव्हा सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करून, नवा पिस्टन आणि रिंगा घालाव्या लागल्या, क्रँकची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, दोन्ही ऑइल सील बदलावी लागली आणि प्लगची ठिणगी नेमक्या वेळी पाडणारे पॉइंट नवे बसवावे लागले. सुटे भाग मिळतात. काही कोल्हापुरातच मिळाले, उरलेले पुण्याला नाना पेठेतून आणले. परंतु जुन्या पॅकिंगमधला मूळ माल आणि आज कोणीतरी घडवलेला माल यांत फरक असतो, आणि तो डोळ्यांना दिसण्याआधी मिस्त्रींच्या हाताला कळतो. म्हणून भाग आपण परस्पर न आणता, मिस्त्रींना सोबत घेऊन आणावेत.

आता चालवण्याविषयी. रोडकिंगचे गिअर आणि किक एकाच दांड्याने चालतात. तो डाव्या बाजूला असतो. इंजिनाच्या दिशेने आत दाबून मागे फिरवला की उभा राहतो आणि त्याची किक होते, इंजिन सुरू झाले की पुढे आणून त्यालाच गिअर लावायचे. एवढ्या वर्षांत ही क्रिया मी विसरलो असेन असे मला वाटले होते, परंतु पहिल्याच सकाळी पायाने ती आपसूक केली. पहिला गिअर खाली, उरलेले तीन वर. गिअरचा दांडा दाबला की आतून क्लचही सुटतो, त्यामुळे हाताने क्लच न ओढता गिअर बदलता येतो. बाजारपेठेच्या गर्दीत ही सोय आजही उपयोगी पडते. 250 सीसीचे हे टू-स्ट्रोक इंजिन 16 अश्वशक्ती देते. आजच्या मानाने हा आकडा लहान आहे, तरी मागे माणूस बसलेला असताना तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालणारी गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर ज्या तऱ्हेने उचल घेते, तशी उचल मला नव्या दीडशे सीसीच्या गाड्यांत मिळालेली नाही. पन्हाळ्याच्या चढावर तर मन अगदी तृप्त होते.

उतारावर मात्र तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जाते. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना ॲक्सिलरेटर बराच वेळ बंद ठेवला, तर इंजिन फिरत राहते पण ऑइल जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडे ॲक्सिलरेटर द्यावे लागते. त्यातच इंजिनाचा रोध फारसा मिळत नाही आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकचे लायनर नवे असूनही पुढचा कंटेनर अचानक थांबला, तर ही गाडी डिस्क ब्रेकच्या गाडीइतक्या अंतरात थांबणार नाही. रस्ते पूर्वीपेक्षा वेगवान झाले, ही मात्र तेव्हाचीच राहिली. महामार्गावर मी ती डाव्या बाजूने चालवतो आणि अंधार पडल्यावर शक्यतो काढत नाही, कारण हेडलाइट समोरच्याला दिसण्यापुरता आहे, आपल्याला रस्ता दिसावा यासाठी नव्हे.

एक लिटर पेट्रोलला तीस मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल हे प्रमाण मी ठेवले आहे. पूर्वी पंपावर ऑइल घालण्याचे वेगळे यंत्र असे. आता बाटली आणि माप डिकीत बाळगावे लागते, आणि पंपावरच्या नव्या मुलांना आपण टाकीत काय ओतत आहोत हे समजावून सांगावे लागते. सरासरी लिटरमागे तीस किलोमीटरच्या घरात मिळते. रोज कामावर जाण्याच्या खर्चाचा हिशेब करणाऱ्याने येथेच थांबावे.

परंतु पेट्रोलपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पूर्वीची रोडकिंग मी रोज चालवत होतो. ही रोजच्या वापराची नव्हे, जादाची गाडी आहे, म्हणजे बहुतेक दिवस ती उभी असते. आणि मला या महिन्यांत आलेल्या अडचणींपैकी जवळजवळ सगळ्या ती उभी राहिल्यामुळे आल्या. पेट्रोल उडून गेले की मागे राहिलेल्या ऑइलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, बसतो, पॉइंटवर काळपट थर चढतो, प्लग ओला होतो. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात टाकीत पाणी फार साचले, तर ते इथेनॉलसह तळाशी बसते, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि कार्बोरेटरला पुरवठा तर तळातूनच होतो. म्हणून मी पावसाळ्यात टाकीत थोडेच पेट्रोल ठेवतो आणि गाडी चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर घरी येण्यापूर्वीच पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ देतो. ही सवय लागल्यापासून ती दुसऱ्या किकला सुरू होते. आठवड्यातून निदान दोनदा, इंजिन पूर्ण गरम होईल इतके अंतर ज्याला जाता येणार नाही, त्याने हा मोह आवरावा. दिवाळीला पुसून फोटो काढण्यासाठी घेतलेली रोडकिंग मिस्त्रींचे घर चालवते.

काही बाबतींत आजही दाद द्यावीशी वाटते. चेन पूर्ण झाकलेली असल्याने चिखलातून येऊनही ती कोरडी पडत नाही, आणि पंक्चर झाल्यावर चेन न काढता मागचे चाक बाहेर येते. अशा साध्या सोयी नव्या गाड्यांतून का गेल्या, हे मला उमगत नाही. धूर मात्र होतो, आणि सकाळी इमारतीच्या खाली गाडी गरम करत उभे राहणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. मी ती ढकलत फाटकाबाहेर नेतो आणि तेथे किक मारतो.

गेल्या काही दिवसांत थंड इंजिनावर पांढरट धूर जास्त येऊ लागला आहे आणि गिअरबॉक्समधले ऑइल किंचित कमी आढळले. म्हणजे क्रँकचे क्लचच्या बाजूचे नवे सील टिकले नाही आणि ते ऑइल इंजिनात शिरून जळत आहे, असा मिस्त्रींचा अंदाज आहे. या वेळी जुन्या साठ्यातले सील शोधत आहोत. ते मिळेपर्यंत गाडी शहराबाहेर काढणार नाही. विकण्याचा विचार नाही, आणि गिऱ्हाईक आले तरी मी आधी तो ती किती वेळा चालवणार आहे हे विचारीन, किंमत नंतर सांगेन.