मॅकची डिस्क: स्वतंत्र पार्टिशन की एकाच कंटेनरमधले व्हॉल्यूम?

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एखाद्या डिझाइन स्टुडिओत मॅकवर कामाच्या फाइल आणि चाचणीसाठीची दुसरी मॅकओएस वेगळी ठेवायची असेल, तर दोन मार्ग आहेत. पार्टिशन केल्यास, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग पाडल्यास, प्रत्येक भागाची जागा आधीच ठरते आणि एक भाग भरला, तरी शेजारची मोकळी जागा त्याला आपोआप मिळत नाही. मॅकओएसमध्ये २०१७ साली आलेल्या एपीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत मात्र जागा कंटेनरच्या (डिस्कवरील सामायिक कप्प्याच्या) ताब्यात असते आणि त्यातील सर्व व्हॉल्यूम (वेगळ्या डिस्कसारखे दिसणारे विभाग) ती गरजेप्रमाणे वापरतात. म्हणूनच प्रत्येक व्हॉल्यूमपुढे बहुधा तीच मोकळी जागा दिसते, आणि या आकड्यांची बेरीज करणे (अनेकजण करतात) चुकीचे ठरते. हवे असल्यास व्हॉल्यूमला राखीव जागा व कमाल मर्यादाही ठरवून देता येते. माझ्या मते व्हॉल्यूमचा हा दुसरा मार्गच सोयीचा. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्या साधनाने विंडोज घालायचे असेल, तर मात्र पार्टिशनला पर्याय नाही.