गावची स्वतंत्र नळयोजना की प्रादेशिक?

शिरोळ तालुक्यात ग्रामपंचायतीवर निवडून आलेला मामेभाऊ विचारत होता, गावापुरती स्वतंत्र योजना धरायची की शेजारच्या गावांबरोबर प्रादेशिक?

मी म्हटलं, आधी पाणी बघ. पंचगंगेच्या खालच्या अंगाला नुसती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून भागत नाही. तुरटी, गाळणी, मग क्लोरिन, असं पूर्ण शुद्धीकरण लागतं. ते केंद्र आणि ते चालवणारा शिकलेला माणूस एकट्या गावाला परवडत नाही.

खर्चात वीजबिल डोईजड. केंद्राच्या जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबानं ३,००० वस्तीला रोज १ लाख ६५ हजार लिटर उपसावं लागतं. प्रादेशिकमध्ये बिल वाटून जातं खरं, पण दोन गावांनी पाणीपट्टी थकवली की सगळ्यांचेच नळ कोरडे पडायची भीती. शेवटच्या गावाला दाबही कमी.

दुरुस्तीत स्वतंत्र योजना सरस. मोटर जळाली तर गावच धावतं.

तेव्हा नदीकाठच्या खालच्या पट्ट्यात प्रादेशिकच घ्या, मात्र थकबाकीचं आधी लेखी ठरवून. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या डोंगराळ भागात बारमाही झरा असेल तर स्वतंत्र. उतारानं येणाऱ्या पाण्याला वीज लागत नाही. फक्त झऱ्याची धार मे महिन्यात मोजा.