मुलांचा जांघेतला हर्निया, एक सुई आणि एक दोरा: काही महिन्यांच्या वापरानंतर

लहान मुलांच्या जांघेतल्या हर्नियाला जाळी लागत नाही. पोटाच्या अस्तराची बुजायची राहिलेली पिशवी तोंडाशी, म्हणजे आतल्या रिंगपाशी, बांधली की पुरतं. पोलंडच्या पाटकोव्स्की यांनी २००६ मध्ये मांडलेली 'पिर्स' पद्धत (PIRS, म्हणजे त्वचेतून सुई घालून आतली रिंग शिवणं) हेच काम सुईने करते. काही महिने सलग वापरल्यावर आमचं मत: मुलींमध्ये हीच निवडावी, मुलग्यांमध्येही निवडावी, पण अस्तराखाली सलाइन सोडल्याशिवाय नको.

बेंबीतून ५ मिमीची दुर्बीण, पोटात ८ ते १० मिमी पाऱ्याइतका वायूचा दाब, १८ गेजची सुई आणि तिच्यातून ओवलेला २-० जाडीचा न विरघळणारा दोरा. मूत्राशय आधी रिकामं हवं. रिंगच्या वर त्वचेतून सुई घालून अस्तराच्या बाहेरून अर्धा वळसा घ्यायचा, मग पोटात शिरून दोऱ्याचा फास सोडायचा. त्याच छिद्रातून दोऱ्याचं एक टोक दुसऱ्या बाजूने नेऊन फासात घालायचं. फास ओढला की टोक बाहेर येतं.

मुलग्यांमध्ये खरी कसोटी शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांवरच्या काही मिलिमीटरमध्ये आहे. भीतीने तेवढं अस्तर सोडलं तर वळसा अपुरा राहतो आणि हर्निया परततो. सुई खोल गेली तर वाहिनीलाच इजा. अस्तराखाली थोडं सलाइन सोडलं की ते फुगून वर उचललं जातं आणि सुईला वाट मिळते. रक्त साकळू लागलं तर सुई मागे घ्या, बाहेरून दाबा, धीर धरा.

गाठ मारण्याआधी पिशवीतला वायू बाहेरून दाबून पोटात परतवावा. गाठीत स्नायूचा जाड घास आला तर तो झिजतो, दोरा सैल पडतो, शिवाय दुखतं. त्वचेला खळी पडली तर बारीक चिमट्याने त्वचा गाठीवरून सोडवावी. विणलेल्या दोऱ्याची गाठ पक्की बसते, पण जंतुसंसर्ग झाला तर तिथे गाठोळी होऊन दोरा काढावा लागतो.

मोठा फायदा म्हणजे दुसऱ्या बाजूची रिंगही उघडी आहे का हे त्याच वेळी दिसतं. मुलींमध्ये बीजांडकोश किंवा नलिका पिशवीत ओढली गेलेली नाही, हे बांधण्याआधी पाहावंच. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर आत गर्भाशय आहे ना, हेही.

मुदतपूर्व जन्मलेल्या अगदी छोट्या बाळांत मात्र पूर्ण भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो. तिथे कण्यातल्या भुलीखाली उघडी शस्त्रक्रिया आम्हाला अजूनही बरी वाटते.